टर्मिनलपर्यंत एकच ओळख: क्लस्टरसाठी फेडरेटेड लॉगिन कसं बसवावं

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मी इंदूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र विभागाचा बारा नोडचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेली बारा यंत्रं, सांभाळतो. जर्नल वाचायला मुलांना संस्थेचा एकच लॉगिन पुरतो. एड्युरोमवर, म्हणजे संस्थांच्या सामायिक वायफायवर, फोन आपोआप जोडला जातो. मग एसएसएचला (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावरून, म्हणजे टर्मिनलवरून, क्लस्टरमध्ये शिरायला), डेटा हलवायला, दुसऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्याला आत घ्यायला वेगळे पासवर्ड आणि कीज (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्लीच्या फाइली) कशासाठी? हाच लॉगिन टर्मिनलवर चालेल का? पॅममधून, म्हणजे लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेतून, क्लस्टर थेट संस्थेच्या एलडॅपला (युझर आणि पासवर्डांच्या यादीला) जोडून टाकू का? आणि आजवर वाटलेल्या ८० कीजचं काय करू?"

चालेल. पण एलडॅपला जोडायचा बेत आधी बाजूला ठेवा. त्यात सोय दिसते खरी, पण तिथे क्लस्टरपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागते.

समजा उद्या तुमच्या लॉगिन नोडवर, म्हणजे क्लस्टरच्या प्रवेशाच्या यंत्रावर, कुणी घुसलं आणि एसएसएचचा सर्व्हर बदलून त्यानं स्वतःचा बसवला. क्लस्टरचे पासवर्ड वेगळे असतील तर क्लस्टरचं नुकसान होईल, आठवडाभर राबून तुम्ही ते सावराल. पण तिथे संस्थेचा पासवर्ड टाइप होत असेल तर प्रत्येक प्राध्यापकाची मेल, गुणपत्रिकांची प्रणाली, पगाराचं पान, सगळं त्या चोराला उघडं. आणि विभागाचा लॉगिन नोड हा संस्थेतला सगळ्यात कमी जपलेला सर्व्हर असतो. तिथे जो तो आपापली सॉफ्टवेअर कंपाइल करून चालवतो, अपडेट लांबणीवर पडतात कारण कुणाचा तरी जॉब, म्हणजे लांबलचक गणना, चालू असतो. मे २०२० मध्ये युरोपातल्या सुपरकॉम्प्युटरांवर हेच संकट आलं. एडिंबराचा आर्चर ११ मे रोजी बंद करावा लागला, त्याच आठवड्यात जर्मनीतली अनेक केंद्रं बंद झाली. चोरलेल्या एसएसएच ओळखी वापरून घुसखोर एका केंद्रातून दुसऱ्यात जात होते. आर्चरच्या सगळ्या युझरांना पासवर्ड आणि कीज दोन्ही नव्यानं करावे लागले. तेव्हा मी माझ्या क्लस्टरवरच्या कीज मोजायला बसले होते. त्यातल्या किती कीजचे मालक अजून आपल्याकडे आहेत, हे मला सांगता येईना.

म्हणून माझा पहिला नियम एवढाच आहे की माणसाच्या घरच्या संस्थेचा पासवर्ड फक्त घरच्या संस्थेच्या पानावर टाइप व्हावा. घरची संस्था म्हणजे जिथे तो माणूस विद्यार्थी किंवा नोकर म्हणून नोंदलेला आहे ती. खाली जे सांगते आहे ते सगळं या नियमाला धरून आहे.

आता वेबवरचा लॉगिन टर्मिनलवर का जात नाही ते. जर्नलच्या साइटवर 'संस्थेतून लॉगिन' दाबलं की साइट ब्राउझरला तुमच्या संस्थेच्या पानाकडे पाठवते. पासवर्ड तिथे तपासला जातो आणि सही केलेलं निवेदन घेऊन ब्राउझर साइटकडे परतो. या पद्धतीचं नाव सॅमल. त्याची २००५ सालची दुसरी आवृत्ती आजही तशीच चालू आहे. या सगळ्या व्यवहारात धावपळ ब्राउझर करतो. इकडून तिकडे जाणं, कुकी सांभाळणं, फॉर्म पोचवणं, मोबाइलवरचा दुसरा कोड विचारणं ही त्याची कामं. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात जन्मलेल्या एसएसएचला यातलं काही ठाऊक नाही. तिथे दोन यंत्रं एकमेकांशी सरळ बोलतात, मध्ये तिसऱ्याला जागा नाही. सॅमलमध्ये ब्राउझरशिवाय चालणारी एक पद्धत आहे, पण त्यात पासवर्ड हातातल्या प्रोग्रॅमला द्यावा लागतो, आणि दोन टप्प्यांचा लॉगिन आला की ती अडखळते. तिच्यात वेळ घालवू नका.

एड्युरोमकडे मात्र नीट बघण्यासारखं आहे. फेडरेशन, म्हणजे एका संस्थेनं दिलेली ओळख दुसरीनं मानायची व्यवस्था, वेबच्या बाहेर चालतं याचा पुरावा तुमच्या मुलांच्या खिशातच आहे. तुमच्याकडचा विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत गेला की तिथला वायफाय त्याच्या नावातला '@' नंतरचा भाग वाचतो आणि रेडियस नावाच्या, लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरांच्या साखळीतून विनंती तुमच्या संस्थेकडे पोचवतो. भारतात ही साखळी अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क सांभाळतं. पासवर्ड एका बंद बोगद्यातून थेट घरच्या सर्व्हरपर्यंत जातो, मधल्या कुणालाही तो दिसत नाही. हीच रचना एसएसएचमध्ये आणायचा प्रयत्न ब्रिटनच्या जॅनेट या शैक्षणिक नेटवर्कनं २०१० च्या सुमारास मूनशॉट या नावानं सुरू केला. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं त्यासाठी स्वतंत्र गट नेमला, २०१३ साली त्यांचा दस्तऐवज, म्हणजे आरएफसी ७०५५, आली आणि २०१६ साली पूर्ण रचनेची ७८३१. मी ती दोन यंत्रांवर बसवून पाहिली होती. माझ्या मते या विषयातली ती आजही सगळ्यात देखणी रचना आहे. पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर खास लायब्ररी आणि तिला ओळखणारा एसएसएच हवा होता. संशोधक मुलगी रात्री अकराला जॉब टाकायला बसते तेव्हा तिच्या विंडोज लॅपटॉपवर लायब्ररी कंपाइल करून द्यायला कोण जाणार? मूनशॉट पसरली नाही ती इथे अडून. त्यातून मी घेतलेला धडा असा की युझरच्या यंत्रावर जे आधीपासून आहे त्यावरच काम भागलं पाहिजे.

दुसरा धडा ग्रिडनं, म्हणजे अनेक संस्थांची यंत्रं जोडून केलेल्या जाळ्यानं, दिला. माझी पिढी ग्रिड सर्टिफिकेटांवर, म्हणजे सही केलेल्या ओळखीच्या फाइलींवर, वाढली. भारतात सी-डॅकची इंडियन ग्रिड सर्टिफिकेशन ऑथॉरिटी ती द्यायची. अर्ज करा, ओळखपत्र दाखवा, मग वर्षभराचं सर्टिफिकेट. ते ब्राउझरमधून काढायचं, ओपनएसएसएल या प्रोग्रॅमनं दोन फाइलींमध्ये फोडायचं, किल्लीच्या फाइलीची परवानगी घट्ट करायची आणि रोज सकाळी त्यावरून बारा तासांचं प्रॉक्सी सर्टिफिकेट बनवायचं. यातला शेवटचा तुकडा फार शहाणपणाचा होता. मूळ किल्ली आत राहते, कामावर जाते ती थोड्या वेळाची प्रत, चोरीला गेली तरी संध्याकाळपर्यंत निरुपयोगी. बाकी सगळं मात्र माणसांच्या हाती फसलं. पाच जणांचा गट एकच किल्ली पेनड्राइव्हवरून फिरवताना मी स्वतः पाहिला आहे. त्यांच्यावर मी चिडले होते. पुढे कळलं की चौघांचे अर्ज दोन महिने अडकून पडले होते आणि त्यांना प्रबंध लिहायचे होते.

अमेरिकेत सीआयलॉगॉन या सेवेनं हाच डाव उलटा मांडला. माणूस ब्राउझरमध्ये आपल्या विद्यापीठाच्या लॉगिननं आत येतो आणि मागे सर्टिफिकेट तयार होतं, त्याला त्याची फाइल हाताळावी लागत नाही. ग्लोबस टूलकिट या ग्रिडच्या सॉफ्टवेअरचा आधार जानेवारी २०१८ मध्ये संपला आणि सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेभोवतीच्या जागतिक ग्रिडनं २०१९ साली टोकनांचा, म्हणजे थोड्या वेळाच्या डिजिटल पासांचा, सामायिक आराखडा ठरवला. म्हणजे जगही त्याच दिशेनं निघालं. लॉगिन ब्राउझरमध्ये करायचा आणि पुढच्या कामाला अल्प मुदतीची चिठ्ठी घ्यायची.

एसएसएचसाठी ही चिठ्ठी बनवायची सोय ओपनएसएसएच या नेहमीच्या एसएसएच सॉफ्टवेअरमध्येच आहे, ५.४ आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०१० पासून. तिला एसएसएच सर्टिफिकेट म्हणतात. ग्रिडच्या सर्टिफिकेटाशी तिचा संबंध नाही, ती पुष्कळ साधी आहे. मी तुम्हाला हेच बसवायला सांगेन.

एका वेगळ्या, छोट्या सर्व्हरवर तुम्ही सहीची एक की-जोडी बनवता. तिचा सार्वजनिक भाग लॉगिन नोडवर ठेवता आणि एसएसएचच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'ट्रस्टेड युझर सीए कीज' या ओळीत त्याचा पत्ता देता. युझर सकाळी सहीच्या पानावर जातो, तिथून आपल्या संस्थेच्या पानावर, तिथे पासवर्ड आणि मोबाइलचा कोड देऊन परत येतो. सहीचा सर्व्हर पाहतो की हा कोण, कुठल्या प्रकल्पात आहे, प्रकल्प चालू आहे का. सगळं जुळलं तर त्याच्या सार्वजनिक कीवर सही करून देतो. त्यावर क्लस्टरवरचं त्याचं नाव आणि मुदत लिहिलेली असते. मग तो नेहमीसारखा एसएसएच करतो. लॉगिन नोड सही तपासतो, मुदत तपासतो, नाव जुळवतो आणि आत घेतो. त्या क्षणी संस्थेच्या सर्व्हरला काही विचारावं लागत नाही, त्यामुळे त्यांचं नेटवर्क बंद पडलं तरी सकाळी चिठ्ठी घेतलेल्यांचं काम थांबत नाही.

मुदत मी दहा तासांची ठेवते. सुरुवात मात्र आत्तापासून न धरता पाच मिनिटं मागून धरते. लॉगिन नोडचं घड्याळ दोन मिनिटं जरी मागे असलं तरी ताजं सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं, आणि त्याचं कारण शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. सगळ्या नोडवर एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) चालू आहे याची खात्री आधी करा. मुदत संपली म्हणून चालू असलेलं सेशन तुटत नाही, फक्त नवं उघडता येत नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात चाळीस फोन येतात. सर्टिफिकेटावर नाव घालायला विसरलात तर ओपनएसएसएच ते या वाटेनं स्वीकारतच नाही. ही चांगली गोष्ट आहे, तिला वळसा घालायला जाऊ नका.

युझरच्या बाजूला काय लागतं? लिनक्स आणि मॅकवर काहीच नाही. विंडोज १० मध्ये ओपनएसएसएच २०१८ पासून सोबतच येतं. विंडोजवर पुटी हा एसएसएच प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना ०.७८ किंवा त्यापुढची आवृत्ती लागेल, त्याआधीची ही सर्टिफिकेटं ओळखत नाही. सहीच्या पानावर सार्वजनिक की चिकटवून सर्टिफिकेटाची फाइल उतरवून घेता येईल अशी साधी सोय ठेवा. ज्यांना रोज हे करायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी एका आज्ञेत सगळं करणारा छोटा प्रोग्रॅम द्या. सहीच्या सर्व्हरसाठी स्टेप-सीए हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. संस्थेचा सॅमल आणि आतला ओपनआयडी कनेक्ट (वेब लॉगिनचीच दुसरी पद्धत) यांच्यामध्ये दुभाषी म्हणून कीक्लोक बसवता येतं. तुमच्यासारख्या आकाराच्या ठिकाणी एवढं पुरे.

ज्या यंत्रावर ब्राउझरच नाही तिथे एक छोटा कोड पडद्यावर येतो आणि तो फोनवरच्या ब्राउझरमध्ये टाकायचा, ही पद्धत २०१९ च्या आरएफसी ८६२८ मध्ये आहे. सोयीची आहे, पण धोक्याचीही. चोर स्वतः कोड मागवतो आणि 'हा कोड टाका, नाहीतर खातं बंद होईल' असा मेल तुमच्या विद्यार्थ्याला पाठवतो. मुलानं तो टाकला की चिठ्ठी चोराला मिळते. म्हणून लॅपटॉपवर ब्राउझर आहे तिथे ही पद्धत बंदच ठेवा आणि मुलांना एक वाक्य पाठ करायला लावा: जो कोड मी स्वतः मागवला नाही तो मी कुठेही टाकणार नाही.

हे सगळं करण्याआधी एकदा विचार करा की तुमच्या निम्म्या युझरांना टर्मिनल खरंच लागतं का. ओपन ऑनडिमांड किंवा ज्युपिटरहब हे वेबवरून क्लस्टर वापरायचं सॉफ्टवेअर बसवलंत तर फाइल चढवणं, जॉब टाकणं, आलेख पाहणं ब्राउझरमध्येच होतं आणि संस्थेचा लॉगिन तिथे सरळ चालतो. एम.एस्सी.च्या मुलांना मी तेच देते.

आता नावांकडे येते, कारण या सगळ्या कामातला अवघड भाग तोच आहे. सही, मुदत, टोकन हे दोन आठवड्यांत बसतं. नावांचा गुंता चुकला तर वर्षानंतर कळतो.

पूर्वी मी ज्या केंद्रात काम करत होते तिथे आम्ही ईमेल हीच ओळख धरली होती. संस्थेकडून जी ईमेल येईल तिच्या नावाचं खातं उघडायचं, सोपं काम. एक मुलगा पीएच.डी. संपवून गेला. त्याच्या संस्थेनं त्याची ईमेल बंद केली आणि दोन वर्षांनी तेच आडनाव, तेच आद्याक्षर असलेल्या नव्या मुलीला तोच पत्ता दिला. ती पहिल्यांदा आमच्या क्लस्टरवर आली आणि थेट त्याच्या होम डिरेक्टरीत उतरली. तिला वाटलं, नमुन्यादाखल ठेवलेल्या फाइली आहेत. जागा हवी म्हणून तिनं त्या पुसल्या. मुलगा तेव्हा परदेशात होता आणि त्या डेटावरचा शोधनिबंध परीक्षकांकडून दुरुस्त्यांसाठी परत आला होता. बॅकअपमध्ये अर्धंच सापडलं. दोघांपैकी कुणाचीही चूक नव्हती. चूक आमच्या तक्त्याची होती. त्या मुलाला तो फोन मी केला होता, आणि त्यानंतर ईमेलला ओळख मानणारी एकही प्रणाली मी बसवलेली नाही.

म्हणून ईमेल, मोबाइल नंबर, नाव हे फक्त संपर्कासाठी. ओळख म्हणून दोन गोष्टींची जोडी घ्या: कुठल्या संस्थेनं सांगितलं, आणि त्या संस्थेनं या माणसाला दिलेला असा अर्थहीन क्रमांक जो पुन्हा कुणालाच दिला जात नाही. ओपनआयडी कनेक्टमध्ये ही जोडी ठरलेलीच असते. सॅमलमध्ये जुनी प्रिन्सिपल नेम ही ओळख काही संस्था पुन्हा वापरतात, म्हणून नवी 'सब्जेक्ट आयडी' मागा. या जोडीसमोर तुमच्या तक्त्यात क्लस्टरचं नाव आणि युआयडीचा, म्हणजे लिनक्समधल्या युझर क्रमांकाचा, आकडा लिहा. हा आकडा जन्मात दुसऱ्या कुणाला देऊ नका. डिस्कवरची फाइल नावानं कुणाची नसते, आकड्याची असते. ५०१२ गेला आणि नव्या माणसाला ५०१२ मिळाला की जुन्याच्या सगळ्या फाइली त्याच्या झाल्या.

माणूस संस्था बदलतो तेव्हा काय? आपल्या इंदुरात हा प्रश्न रोजचा आहे. आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ या २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरणांच्या मोठ्या स्रोतावर) देशभरातून लोक प्रयोगाला येतात. खंडवा रोडवर विद्यापीठ आहे, त्याच आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम, आणि पुढे सिमरोलला आयआयटी. एकाच रस्त्यावर एकच मुलगी पाच वर्षांत तीन संस्थांची होऊ शकते. त्यासाठी तक्त्यात एका युआयडीसमोर एकाहून जास्त ओळखी जोडता याव्यात. जोडताना तिनं त्याच बैठकीत दोन्ही संस्थांचा लॉगिन करून दाखवला पाहिजे, म्हणजे जुनी ओळख बंद व्हायच्या आत. ती मुदत हुकली तर तिच्या गाइडला विचारून, तिच्याशी व्हिडिओवर बोलून, मगच हातानं जोडा. ऑर्किड आयडी हा संशोधकांचा क्रमांक इथे मदतीला येतो पण पुरावा म्हणून नाही, कारण तो कुणीही स्वतःच काढू शकतो.

यातून संस्थांकडून काय मागायचं हा मुद्दा निघतो. गांधीनगरच्या इनफ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची इनफेड ही आपली फेडरेशन आणि ती एड्युगेन या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्फत बाहेरच्या देशांशी जोडलेली आहे. पण आपल्या संस्था तिच्यात आल्या त्या मुख्यतः जर्नल वाचण्यासाठी. प्रकाशकाला 'हा आमच्याकडचा आहे' एवढंच हवं असतं, नाव नको. वाचकाच्या खासगीपणासाठी ते योग्यच आहे. क्लस्टरला मात्र हा नेमका कोण, हे लागतं. त्यामुळे तुमचा सर्व्हर फेडरेशनमध्ये नोंदवून झाला की पहिल्याच लॉगिनला बहुधा रिकामं पाकीट येईल: लॉगिन यशस्वी, माणूस निनावी. समोरच्या संस्थेच्या माणसाला सेटिंग बदलावी लागते. संशोधन-सेवांसाठी नाव, ईमेल आणि न बदलणारी ओळख द्यायचा एक ठरलेला प्रकार आहे, 'रिसर्च अँड स्कॉलरशिप' नावाचा. तुमचा सर्व्हर त्यात बसवा आणि मग फोन उचला. मेलनं हे होत नाही. तिकडचा माणूस वाय-फाय, प्रिंटर, प्रवेशाचं पोर्टल सगळं एकटा सांभाळत असतो. त्याच्या जागी जाऊन, शेजारी बसून वीस मिनिटांत झालेलं काम मी पाहिलं आहे, जे मेलवर सहा महिने रखडलं होतं.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. ते ओळख देताना माणसाला प्रत्यक्ष तपासतात का, की चार दिवसांच्या कार्यशाळेला आलेल्या पाहुण्यालाही तसाच लॉगिन देतात? आणि काही गडबड झाली तर रात्री कुणाला फोन करायचा? या दुसऱ्यासाठी २०१५ पासून सिर्टफाय नावाचा करार आहे. त्यात संस्था एवढंच कबूल करते की घटना घडली तर आमचा माणूस उत्तर देईल आणि आमच्याकडे नोंदी असतील. सही नसली तरी फोन नंबर तरी घ्या.

ओळख संस्थेची असली तरी परवानगी तुमची आहे, हे कधी सोडू नका. संस्था सांगते की हा आमचा. तुमच्या क्लस्टरवर कुठल्या प्रकल्पात, किती तास, कधीपर्यंत, हे तुम्ही आणि प्रकल्पाचा गाइड ठरवणार. बऱ्याच संस्था माजी विद्यार्थ्यांचा लॉगिन वर्षानुवर्षं चालू ठेवतात. त्यामुळे 'संस्थेनं बंद केलं की आपोआप आपल्याकडेही बंद' या भरवशावर राहू नका. प्रत्येक प्रकल्पाला शेवटची तारीख द्या. तारखेच्या महिनाभर आधी गाइडला यादी पाठवा आणि त्यानं हो म्हटलं तरच पुढे ढकला. तारीख उलटली की सहीचा सर्व्हर सही देणार नाही आणि दहा तासांत दार आपोआप बंद होईल. आणीबाणीत तेवढं थांबायचं नसेल तर रद्द केलेल्या कीजची यादी नोडवर टाकता येते.

जॉब आणि डेटाबद्दल तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही. एकदा आत आलेला माणूस स्लर्मला, म्हणजे जॉबची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, जॉब देतो तेव्हा ओळख म्यूंज हा सोबतचा प्रोग्रॅम तपासतो. सर्टिफिकेटाचा तिथे संबंध नाही, जॉब तीन दिवस रांगेत राहिला तरी हरकत नाही. अडचण येते ती जॉबला मध्यरात्री बाहेरच्या साठ्यातून डेटा ओढायचा असेल तेव्हा. टोकनाची मुदत तोवर संपलेली असते. मोठ्या केंद्रांत टोकन नव्यानं काढून देणारी तिजोरी ठेवतात. तुम्ही तेवढं करू नका, डेटा आधी आणा आणि मग जॉब टाका. एक सवय मात्र आजच मोडा. मुलं टोकन जॉबच्या स्क्रिप्टमध्येच लिहितात. टोकन हे रोख पैशासारखं असतं, ज्याच्या हाती त्याचं. ती स्क्रिप्ट बॅकअपमध्ये जाते, मित्राला नमुना म्हणून दिली जाते, आणि टोकनही सोबत जातं.

तुमच्या एक्स-रे यंत्राचा पीसी रात्री आपोआप फाइली पाठवत असेल, तर त्याच्यामागे माणूस नाही, ब्राउझर नाही. तिथे कुणा विद्यार्थ्याची ओळख उसनी वापरू नका. यंत्राला स्वतःचं खातं द्या आणि महिनाभराचं सर्टिफिकेट द्या, ज्यावर लिहिलेलं असेल की हे फक्त या पत्त्यावरून चालेल आणि फक्त ही एकच आज्ञा चालवेल. ओपनएसएसएचच्या सर्टिफिकेटात या दोन्ही अटी घालता येतात. मुदत वाढवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर नोंदवा.

सहीची गुप्त की तुमच्या सगळ्या क्लस्टरची मालकीण आहे. ती लॉगिन नोडवर ठेवू नका. तो सर्व्हर कुठल्याही युझरला दिसता कामा नये. आणि तोच बंद पडला तर? दोन प्रशासकांच्या नावे कन्सोलवरून चालणारी खाती ठेवा, त्यांचे पासवर्ड कागदावर, विभागप्रमुखांच्या कपाटात, बंद पाकिटात. पाकीट उघडलं की पासवर्ड बदलायचा आणि नवं पाकीट ठेवायचं.

राहिल्या तुमच्या ८० कीज. एका रात्रीत बंद करू नका. एसएसएचची नोंद थोडी तपशीलवार केलीत तर प्रत्येक लॉगिनला कुठली की वापरली तिचा ठसा लॉगमध्ये येतो. सहा आठवडे दोन्ही वाटा चालू ठेवा आणि तो लॉग साठवा. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त कीज एकदाही वापरल्या जाणार नाहीत. त्या आधी काढा. उरलेल्यांमध्ये यंत्रांच्या आणि स्क्रिप्टच्या कीज वेगळ्या करा, त्यांची सोय वर सांगितली. मग माणसं राहतील, वीस-पंचवीस. त्यांना एकत्र मेल न करता एकेकाशी बोला, शेजारी बसून पहिलं सर्टिफिकेट काढून द्या. शेवटी कॉन्फिगरेशनमध्ये अधिकृत कीजच्या फाइलीचा पत्ता 'नन' करा, म्हणजे कुणी गुपचूप नवी की टाकली तरी ती चालणार नाही. आणि ज्यांचा प्रबंध येत्या दोन महिन्यांत द्यायचा आहे त्यांना या बदलातून वगळा. त्यांची नावं गाइडकडून लिहून घ्या, त्यांच्या कीज तेवढे दिवस राहू द्या, आणि प्रबंध जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काढा.